दहा मिनिटांची यादी

बिस्किटांच्या कारखान्यात पक्केमामांचा शब्द म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा. चार वर्षांपूर्वी लेकीला म्हणाले, "स्कूटर नाही," तर अजून नाहीच. आणि आज त्याच लेकीनं त्यांच्या ओव्हनला नवं यंत्र जोडलं होतं. मामांनी सकाळीच मालकीणबाईंना सांगून टाकलं होतं, हे यंत्र नको. बारा वाजता मालकीणबाई बिस्किट चाखणार. जमलं तर यंत्र राहणार आणि लेकीची नोकरीही. नाही तर दोघांनाही नारळ.

यंत्र पुढच्या दहा मिनिटांची आच शंभरपैकी किती ते ठरवायचं आणि स्क्रीनवर दाखवायचं. आता चाळीस, मग पन्नास, मग साठ. पक्की यादी बघून मामाही खूश. मिनिटभरानं बघतात तर आकडे वेगळेच. आणखी मिनिटानं पुन्हा वेगळे.

"अगं, हे बोलतं एक आणि करतं भलतंच!"

"तसंच असतं ते, बाबा. तुम्ही हात लावू नका हां. मी पीठ बघून येते."

ती गेली आणि मामांनी पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. ह्या पलट्या बाईंनी बघितल्या तर पोरीचं हसं होणार. बापानं काय नुसतं बघत बसायचं? त्यांनी खडू घेतला, दहाच्या दहा आकडे भिंतीवर उतरवले, यंत्र बंद केलं आणि आचेचं बटण स्वतःच्या हातात घेतलं.

तिसऱ्या मिनिटाला पीठवाला ओरडला, "मामा, पीठ अडकलंय, दोन मिनिटं द्या!"

ओव्हनमधला पट्टा रिकामाच फिरू लागला. आत भाजायला काही नाही, त्यामुळे ओव्हन नुसता तापतोय. यादीत मात्र साठ.

"मामा, आच कमी करा की!" पॅकिंगवाली काकू म्हणाली.

"यादीत साठ आहे."

"यादीला नाक आहे का? मला वास येतोय!"

"शब्द म्हणजे शब्द." मामांनी पुढचा आकडा वाचला आणि बटण सत्तरवर नेलं.

पीठ सुटलं, बिस्किटं आत गेली आणि बाहेर आली ती काळीठिक्कर. काकूनं एक उचललं. "घ्या. खडू संपला तर ह्यानं लिहा."

लेक धावत आली. "यंत्र कोणी बंद केलं?"

मामांनी खडू पाठीमागे लपवला. "त्याचाच शब्द पाळत होतो गं."

तिनं कपाळावर हात मारला. यंत्र चालू केलं. "बाबा, ठरवायचं दहा मिनिटांचं, पण करायचं फक्त पहिल्या मिनिटाचं. मग ओव्हन कसा आहे ते बघायचं आणि पुन्हा नवं ठरवायचं."

"मग उरलेली नऊ?"

"सोडून द्यायची."

"मग ठरवायचीच कशाला? एकाचंच ठरवावं की!"

"आत्ता दिलेली आच बिस्किटाला चार मिनिटांनी लागते. पुढचं बघितलं नाही तर उशीर होतो. आणि मधे बघितलं नाही तर..." तिनं काळ्या ढिगाकडे बोट दाखवलं.

बाराला वीस मिनिटं होती. मामा भिंतीशी उभे राहिले. यंत्रानं आकडे बदलले की हे पुसायचे, नवे लिहायचे. आच उतरली, बिस्किटं आधी तपकिरी झाली, मग बदामी. भिंत मात्र पांढरीफटक.

मालकीणबाई आल्या, बिस्किट खाल्लं, दुसरं घेतलं. मग तो ढीग दिसला. "हे यंत्रानं केलं?"

मामा खाकरले. "मी केलं. यंत्र डोळे उघडे ठेवून होतं, मी मिटले."

काकूच्या हातातला डबा पडला. मामांची चूक? आणि तीही मामांच्या तोंडून?

"पण सकाळी तर तुम्हीच म्हणालात ना मला, हे यंत्र नको म्हणून?" बाई म्हणाल्या.

"ते सकाळचं हो, बाई. मधे मी बिस्किटं बघितली."

बाई हसल्या. "ठेवा मग. दोघांनाही."

लेकीनं संधी साधली. "बाबा, मग ते स्कूटरचं..."

"ए!" मामा भिंत पुसत म्हणाले. "एका वेळी एकच पाऊल!"