चाचणीपुरता आवाज

आत्यांची गाणी घरच्या घरी ध्वनिमुद्रित करावीत, असा निर्णय सर्व संबंधितांच्या उपस्थितीत एकमताने झाला. सर्व संबंधित म्हणजे स्वतः आत्या, त्यांचा भाचा आणि भाच्याची बायको. भाचा एका मोठ्या कार्यालयात खरेदी अधिकारी होता आणि घरात त्याला साहेब म्हणत. आधी थट्टेने म्हणत, मग सवय झाली आणि पुढे पुढे साहेबांना ते खरेच वाटू लागले, म्हणून आपणही तसेच म्हणू.

निर्णयाला कारण होते. आत्यांच्या घशात गाठ निघाली होती आणि महिन्याभराने शस्त्रक्रिया ठरली होती. डॉक्टर बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "बोलता येईल. गाण्याचं मी सांगू शकत नाही," एवढेच त्या म्हणाल्या. आत्यांनी सारी हयात शिवणकामात घालवली. शिलाई मशीनवर पाय चालवता चालवता त्या गाणी रचत, तीही स्वतःच्या चालीत. कागदावर त्यांनी एकही उतरवले नाही. साहेब लहान असताना त्यांची आई गेली, तेव्हा पोराला झोप लागेना म्हणून आत्यांनी एक गाणे रचले होते. ते गाणे जगात फक्त आत्यांच्या गळ्यात होते, आणि गळ्याची तारीख ठरली होती.

साहेबांच्या बायकोने टेबलावरचा मोबाईल उचलून सुचवले की आत्ताच, या बसल्या जागी गाऊन घ्यावे. आत्यांनी घसा साफही केला. साहेबांनी हात वर करून दोघींना थांबवले. हा ठेवा आहे, तो नातवंडा-पतवंडांपर्यंत जायचा आहे, आणि अशा कामाला मोबाईल वापरणे म्हणजे हेळसांड आहे, असे त्यांनी समजावून सांगितले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. आत्यांवर त्यांचा जीव होता याबद्दल कुणीही शंका घेऊ नये. त्या जीवामुळेच पुढचे सगळे झाले.

चांगला माइक साहेबांच्या मेहुण्याकडे पडून होता. तो त्याने आणून दिला आणि सोबत अडचणही आणली. माइकमधून निघणारा आवाज फार बारीक असतो. तो मोठा करायला प्रीअ‍ॅम्प नावाची डबी लागते. डबीत आवाज एकसारखा राखणारी आणि त्याचा किनरेपणा काढणारी बटणेही असली, की तिला चॅनेल स्ट्रिप म्हणतात. मेहुणा एकदा मित्राबरोबर एका स्टुडिओत जाऊन आला होता, तेव्हा त्याच्या शब्दाला वजन होते. "भाऊजी, गाणारा कुणीही असो," तो म्हणाला, "खरा खेळ प्रीअ‍ॅम्पचा असतो." आत्या तिथेच बसल्या होत्या. त्यांनी मान डोलावली.

साहेबांनी परवडणाऱ्या प्रीअ‍ॅम्पच्या निवडीसाठी समिती नेमली. अध्यक्ष साहेब, तांत्रिक सदस्य मेहुणा, आणि बाह्य तज्ज्ञ म्हणून वरच्या मजल्यावरचे काका. काकांचे आयुष्य सभागृहांत लाउडस्पीकर बसवण्यात गेले होते. त्यामुळे त्यांना आता एका कानाने कमी ऐकू येई, पण दुसरा कान अनुभवी होता. आत्यांना समितीवर घेता आले नाही, कारण गाणार त्याच होत्या आणि हितसंबंध आड येत होता.

पहिला आठवडा 'परवडणारा' या शब्दाची व्याख्या करण्यात गेला. इंटरनेटवरचा प्रत्येक जाणकार एखादी डबी हातात धरून सांगे की या किमतीत याला तोड नाही, आणि त्याच दमात म्हणे की अगदी थोडे आणखी घातले तर वरची येते. त्या वरच्या डबीचा जाणकार तिच्याही वरची दाखवी. समितीने हे सगळे एकत्र बसून पाहिले. कुठल्या डबीचा आवाज उबदार, कुठलीचा पारदर्शक, कुठलीचा मखमली, यावर जेवताना चर्चा होऊ लागली. आत्यांनी एकदा भीत भीत विचारले, की माझा कसा आहे. मेहुण्याने प्रामाणिकपणे सांगितले की त्यात थोडी ऊब कमी आहे, पण ती यंत्रातून भरून काढता येईल.

दुसऱ्या आठवड्यात दुकानदाराने तीन डब्या पारखायला म्हणून घरी पाठवल्या. आता शांत खोली हवी होती. शिवणाच्या खोलीत चारी भिंतींना गाद्या उभ्या केल्या. फ्रिजची घरघर येते म्हणून तो बंद झाला आणि दूध नासले. पंखाही बंद झाला. शेवटी शिलाई मशीन बाहेर व्हरांड्यात गेले, कारण त्याचे पायडल खडखडते.

"त्याच्याशिवाय मला ताल सापडत नाही रे," आत्या म्हणाल्या.

"तालासाठी यंत्र घेऊ ना," साहेब म्हणाले. "ती निवड वेगळी करू."

आत्या गाद्यांच्या मध्ये स्टुलावर बसल्या आणि नुसत्या फरशीवर पाय हलवत गाऊ लागल्या.

इथे साहेबांच्या कार्यालयाची एक पद्धत सांगायला हवी. तिथे नमुना तपासून झाला की लगेच नष्ट करतात, म्हणजे पुढचा नमुना तपासताना मन कलुषित होत नाही. या शिस्तीबद्दल त्या कार्यालयाचा लौकिक होता. एका वर्षी तिथली पंख्यांची निवड भर थंडीत पूर्ण झाली, तरी कार्यपद्धतीवर कुणाला बोट ठेवता आले नाही. तीच पद्धत साहेबांनी घरी आणली. प्रत्येक डबीवर आत्यांनी तेच कडवे तेवढ्याच जोराने गायचे, समितीने ऐकून मत द्यायचे आणि लगेच ते पुसायचे. आत्या रोज सकाळ-संध्याकाळ गात राहिल्या आणि समिती पुसत राहिली.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी आत्यांना त्या कडव्यावर थांबताच आले नाही. ते झोपेचे गाणे होते. त्या पुढे गेल्या, त्याच्याही पुढे गेल्या, आणि ते गाणे पुरे गायल्या. काकांनी चष्मा काढून पुसला. मेहुणा गादीला टेकून खाली बघत बसला. साहेब लहानपणी झोपत तसे एका कुशीवर कलले होते आणि त्यांचे गाल ओले झाले होते. गाणे संपले. मग साहेबांनी डोळे पुसले आणि समितीचे मत विचारले. पहिल्या कडव्यापुरते बोलायचे तर मधली डबी किंचित बरी ठरली. पुढची कडवी चाचणीच्या कक्षेत येत नव्हती.

साहेबांनी बटणाकडे हात नेला तेव्हा बायको दारात उभी होती.

"अहो, पुसू नका," ती म्हणाली. "एवढं एक राहू द्या."

"ही चाचणी आहे," साहेब समजुतीने म्हणाले. "खरं रेकॉर्डिंग याच्यापेक्षा कितीतरी चांगलं होईल. हे ठेवलं तर आपण ह्याच्यावरच समाधान मानू."

त्यांनी ते पुसले. बायको आत गेली. संध्याकाळी तिने मोबाईल घेऊन आत्यांना व्हरांड्यात मशीनपाशी बसवले, पण आत्यांचा घसा तोवर पार बसला होता आणि उद्याच्या चाचणीसाठी तो जपायला हवा होता.

निवड अडली ती यावरून की तिन्ही डब्यांत कुणालाच ठाम फरक कळेना. फरक कळावा म्हणून ताडून बघायला एक फार भारी चौथी डबी आणायची ठरली. ती यायला वेळ लागणार होता. साहेबांनी दवाखान्यात जाऊन शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची रीतसर विनंती केली आणि निवडप्रक्रिया कुठवर आली आहे तेही सांगितले. डॉक्टर बाईंनी सगळे ऐकून घेतले. "तुमच्या समितीचं ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण त्या गाठीला कोण कळवणार?"

चौथी डबी आली तेव्हा आत्यांना शस्त्रक्रियेसाठी आत नेले होते. बाहेरच्या बाकावर बसून, ती न उघडताच, समितीने मधल्या डबीवर शिक्कामोर्तब केले. ठरलेल्या किमतीत, ठरलेल्या निकषांवर, कुठल्याही दबावाशिवाय झालेली निवड म्हणून ती आजही दाखवता येईल. मेहुण्याने साहेबांचा हात हातात घेऊन अभिनंदन केले.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. गाठ गेली आणि आत्या वाचल्या. महिन्याभराने बोलायची मुभा मिळाली, तेव्हा गाद्या पुन्हा उभ्या राहिल्या, फ्रिज बंद झाला आणि पहिल्या अधिकृत ध्वनिमुद्रणासाठी आत्या स्टुलावर बसल्या. साहेबांनी मान हलवून इशारा केला. आत्यांनी तोंड उघडले. सूर निघाला नाही, नुसती हवा निघाली, जुन्या सुती कापडातून कात्री फिरवल्यासारखी. त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि त्या थांबल्या.

साहेबांनी कानावरचे हेडफोन काढून त्यांच्या कानांना लावले आणि झालेले ऐकवले. आत्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग घोगऱ्या, फाटक्या आवाजात, माइकसमोरच त्या म्हणाल्या, "किती स्वच्छ येतं रे. काहीच नाही, हेसुद्धा ऐकू येतं."

समितीने ते वाक्य पुन्हा पुन्हा लावून ऐकले. जराही खरखर नव्हती. काकांच्या अनुभवी कानालाही दोष सापडला नाही. मधल्या डबीबद्दलचा निर्णय योग्य होता हे सिद्ध झाले, आणि हे मुद्रण मात्र नियमानुसार जपून ठेवले आहे. बायकोने त्याच दिवशी शिलाई मशीन एकटीने ओढत आत आणले. आत्या आता त्याच्यावर बसतात, पाय चालवतात आणि ओठ हलवतात. मशीनचा ताल तेवढा ऐकू येतो. साहेब दाराशी उभे राहून बघतात. आताशा त्यांना झोप लागत नाही.

आत्यांना भेटायला पुष्कळ लोक येतात. साहेबांची बायको प्रत्येकाला सगळे सांगते, गाठीपासून, पुसलेल्या गाण्यापासून, काही न लपवता. लोक हळहळतात आणि चहा संपवतात. मग दाराशी चपला घालताना आवाज खाली आणून साहेबांना विचारतात की ती मधली डबी नेमकी कुठली, कारण त्यांनाही घरी कुणाचा तरी आवाज रेकॉर्ड करायचा आहे.

नाव इथे मुद्दामच दिलेले नाही. इथवर वाचताना तुम्हीही ते शोधत होतात. ज्याचा आवाज तुम्हाला जपायचा आहे ते तुमच्या घरातले माणूस या क्षणी बहुधा शेजारच्याच खोलीत आहे, आणि मोबाईल तुमच्या हातात आहे.