जास्वंदीची आघाडी

श्रीनिवासरावांनी उभी हयात कॉलेजात युद्धांचा इतिहास शिकवण्यात घालवली होती. बलाढ्य फौजा मूठभर माणसांपुढे कशा हात टेकतात, हा त्यांचा लाडका विषय. दख्खनेत उतरलेली मोगल फौज हरली नाही, ती थकली, असं ते दरवर्षी वर्गात सांगत. आता निवृत्तीनंतर कर्वेनगरच्या तळमजल्यावर ते स्वतःच थकले होते, आणि तेही वरच्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाईंमुळे.

श्रीनिवासरावांच्या अंगणात जास्वंदीचं झाड होतं. स्वतः वाढवलेल्या झाडाचं एक तरी फूल मंगळवारी आपल्या गणपतीला वाहावं, एवढीच त्यांची इच्छा. पण फिरायला निघालेल्या मंदाकिनीबाई पहाटेच पिशवी भरून पसार होत.

श्रीनिवासरावांनी 'फुले तोडू नयेत' अशी पाटी लावली. बाईंनी पिशवी अडकवायला तीच वापरली. तारेचं कुंपण घातलं, तर त्यात यांचाच सदरा फाटला. मग मोठा दिवा लावला.

"बरं केलंत," मंदाकिनीबाई जिन्यात म्हणाल्या. "अंधारात नुसत्या कळ्याच हाती यायच्या."

शेवटी फाटकाला कुलूप लागलं. तरी मंगळवारी झाड बोडकंच.

वैतागून ते पहाटे अंगणात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले आणि तिथेच घोरू लागले. जाग आली ती कपबशीच्या आवाजाने. आत जाऊन बघतात तो स्वयंपाकघरात मंदाकिनीबाई चहा पीत बसलेल्या, मांडीवर भरलेली पिशवी. श्रीनिवासरावांच्या पत्नी वासंतीबाई त्यांच्यापुढे बिस्किटं ठेवत होत्या.

"वासंती, कुलूप तू उघडतेस?"

"मग कोण? स्थानिकांची साथ असल्याशिवाय गनीम टिकत नाही, असं तुम्हीच सांगता ना?"

"अगं, पण का?"

"निवृत्त झाल्यापासून तुम्ही मला आमटीला फोडणी कशी द्यायची ते शिकवत होतात. माझे डबे नव्याने लावत होतात. तुम्ही झाडामागे लागलात आणि मला माझं स्वयंपाकघर परत मिळालं."

श्रीनिवासरावांना खरं तर रागवायचं होतं. पण तेवढंही त्राण अंगात उरलं नव्हतं. ते खुर्ची ओढून बसले. वासंतीबाईंनी त्यांच्यापुढेही कप ठेवला.

"मंदाकिनीबाई," ते हळूच म्हणाले, "पुढच्या मंगळवारी एक फूल माझ्यासाठी ठेवाल का?"

बाईंनी चहाचा शेवटचा घोट घेतला.

"बघते. पण मंगळवारी मागणी फार असते हो."