पोटाचं ऑपरेशन

"कुणी इचारलं तर पोटाचं ऑपरेशन म्हणायचं. जास्त बोलायचं न्हाई," सिद्धाप्पा गुरुजींनी बायकोला, ईरम्माला, बजावलं होतं. प्रोस्टेटची गाठ वाढून एका सकाळी त्यांची लघवी साफ बंद पडली होती. ज्यांनी तीस वर्षं चालू तासात एकाही पोराला लघवीला सोडलं नाही, त्यांच्यावर ही वेळ यावी, याचं गुरुजींना मरणापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. आणि मरण येणार, ही खात्री होतीच.

ऑपरेशन दुर्बिणीनं झालं. पोटावर एक टाकासुद्धा नव्हता. खाटेवर पडून गुरुजी नळीतून पिशवीत उतरणारं गुलाबी पाणी बघत होते. डॉक्टर म्हणाले, "छान आहे." गुरुजींना त्यात छान काहीच दिसेना.

इकडं ईरम्माला खोटं बोलायची सवय नव्हती. शेजारच्या शिवबाईनं फोनवर "पोटात कुटं?" म्हणून विचारल्यावर ती घाबरून "किडनीकडं" म्हणाली. शिवबाईचं माहेर मैंदर्गी. दुपारपर्यंत मैंदर्गीत गुरुजींची एक किडनी निकामी झाली, दिवेलागणीला दुसरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाच्या दारात गुरुशांत उभा. गुरुजींचा मैंदर्गीत राहणारा धाकटा भाऊ. त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत गुरुजींचं नाव मामाच्या खाली छापलं गेलं, तेव्हापासून नऊ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

"उपाशीपोटी आलोय, अण्णा," तो भिंतीकडं बघत म्हणाला.

"कशाला?"

"आधी रक्त तपासतेत म्हणं. माझी एक किडनी घे. घरच्यांची रडारड झाली, पण मी ऐकलो न्हाई."

ईरम्मा "चहा आणते" म्हणत बाहेर सटकली. गुरुजींना लाज वाटली.

"अरे, किडनीचं न्हाई. ते... म्हाताऱ्यांचं असतंय बघ."

"काय?"

"प्रोस्टेट!" गुरुजी ओरडले. अख्ख्या वॉर्डानं माना वळवल्या.

गुरुशांत हसेल, नाहीतर तणतणत निघून जाईल, असं गुरुजींना वाटलं. त्यानं पिशवीकडं टक लावून बघितलं आणि विचारलं, "बाथरूम कुटं हाय?"

तो खाटेशेजारच्याच दारातून आत गेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून आवाज नाही. मग थेंब, थोड्या वेळानं आणखी एक थेंब. हा आवाज गुरुजी चांगलाच ओळखत होते.

गुरुशांत घाम पुसत बाहेर आला.

"किती दिस झालं?"

"दोन वर्षं."

"घरात सांगितलास?"

"उन्हाळी लागली म्हणतो."

"आणि थंडीत?"

गुरुशांत नळीकडं बघत हळूच म्हणाला, "लई दुखतंय का रे, अण्णा?"

सगळ्या गावाला थाप मारणाऱ्या गुरुजींना नेमकी आता थाप सुचेना. "काल दुखलं."

"आज?"

"आज पण दुखतंय."

गुरुशांतनं चपला पायात सरकवल्या. "मग येतो मी. अकराची एसटी हाय." किडनी काढून द्यायला निघालेला माणूस नळीला भ्याला होता.

गुरुजींनी एका हातानं पिशवी सांभाळली आणि दुसऱ्या हातानं भावाच्या धोतराचा सोगा धरला. ईरम्मा चहा घेऊन आली ती दारातच थबकली.

"अवो, हे काय चाललंय?"

"आधी डॉक्टरला बोलव," गुरुजी म्हणाले. "धोतर सुटलं तरी ह्याला सोडत न्हाई मी."