भिंतीवरचे श्रीमंतभाऊ

गिरणीची रस्त्याकडची भिंत रंगवून घ्यायची, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात कुणाचं काय वाकडं होणार होतं?

माझं नाव श्रीमंत. (आईनं आशेनं ठेवलं होतं.) शिक्षण दहावी, तेही दोन धक्क्यांत. नांदेडात आमची पिठाची गिरणी आहे, आणि गिरणीवाल्याला लोक उगाच चौकस म्हणतात. आता बघा, ज्या घरातून रोज ज्वारी येते तिथून अचानक गहू आले, वर "भाऊ, बारीक दळा" असा निरोप आला, तर पाहुणे येणार हे मला कळणारच. कुठले पाहुणे, कशासाठी, मुलगा काय करतो, एवढंच काय ते विचारावं लागतं. आमची बायको सिंधु याला भोचकपणा म्हणते. मी शेजारधर्म म्हणतो.

शेजारच्या रविकिरण सरांची देविका संभाजीनगरहून चित्रकलेची डिग्री घेऊन आली, तेव्हा माझ्या शेजारधर्माला भरतंच आलं. सर शाळेत गणित शिकवतात. पोरगी त्यांच्या कुठल्याच हिशोबात बसेना. "दिवाळीपर्यंत काही जमलं नाही, तर उमरीला मामाच्या जनरल स्टोअर्समध्ये गल्ल्यावर बसायचं," असं त्यांनी तिला सांगून टाकलं होतं. (मला कुणी सांगितलं नाही. तिच्या आईनं सिंधुला सांगितलं. मी पोत्यामागं होतो.)

मी पोरीला रोज एक रस्ता सुचवू लागलो.

"देविका, लग्नातल्या मेंदीचं बघ. लई चालून राहिलंय."

"बघते, काका."

"गाड्यांच्या नंबर प्लेटा?"

"त्या आता मशीनवर निघतात."

"मग रेल्वेत बघ की! एवढ्या डब्यांवर आकडे कुणीतरी काढतच असंल ना?"

ती हसली, पण हसताना डोळे नाही हसले. "काका, माझ्या वर्गातला अनिमेष जाहिराती करतो. एक जण सिनेमाचे सेट रंगवतो. राजश्री लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढते. रस्ते लई आहेत. नांदेडातून त्यांतला कुठला सुरू होतो, तेवढंच कळून नाही राहिलं."

आणि नेमकी तेव्हाच मला भिंत आठवली.

त्या भिंतीनं माझा जीव खाल्ला होता. समोर ऑटो स्टँड, आणि जो तो येऊन आमच्याच भिंतीशी मोकळा होणार. एका बाजूला ताजं पीठ, दुसऱ्या बाजूला हा वास. बाया नाकाला पदर लावून दळण टाकायच्या. मी मनाईची पाटी लावली, तर लोक उभ्या-उभ्या ती वाचायचे. देवांच्या फरश्या बसवल्या, तर लोक आधी भक्तिभावानं हात जोडायचे, मग दोन पावलं बाजूला सरकायचे. माणसानं जरा दम धरावा की नाही? मी तर स्टँडवर जाऊन जाहीर बोललो, "ज्याला एवढाही दम धरवत न्हाई, तो माणूस न्हाई!"

(स्टँडवर टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतले दोघे लगेच भिंतीकडं गेले.)

"देविका, भिंतीवर मोठा देव काढ," मी म्हणालो. "रागीट पाहिजे."

"देव माफ करतो हे लोकांना माहीत झालंय, काका. इथं माफ न करणारा पाहिजे."

"पोलीस काढतीस?"

ती माझ्याकडं टक लावून बघत राहिली. मी तेव्हा अर्ध्या दारातून मान बाहेर काढून, समोरच्या घरात कुरिअर कुणाचं आलं ते बघत होतो.

"काका, हलू नका. असेच उभे राहा."

आता मला काय वाटावं? मला वाटलं, पोरगी आपलं मोठं चित्र काढून राहिली. फेटा, शाल, खाली नाव, गिरणीचा मोबाइल नंबर. तिनं भिंतीपुढं ताडपत्री बांधून आत काम सुरू केलं आणि मी आख्ख्या गल्लीला आमंत्रण दिलं. नारळ आणला. नेहरू शर्टाला इस्त्री केली. रविकिरण सरांना तर हाताला धरून पुढं उभं केलं. "बघा सर, तुमच्या लेकीच्या हातात काय जादू हाय!"

ताडपत्री खाली आली.

भिंतीवर एक अर्धं उघडं दार होतं. त्या दारातून बाहेर डोकावणारा मी. फाटक्या बनियनवर. भुवयांना पीठ. एक भुवई वर, मान पुढं, आणि तोंडावर असा भाव की, 'कुणाकडं चाललात? कशाला? घरी सांगून आलात का?'

गल्लीत असा हशा फुटला की स्टँडवरचे ऑटोवाले धावत आले. गल्लीतल्या साखराबाई तर हसून हसून पायरीवरच बसल्या. "बाई बाई, हुबेहूब! बनियनचं भोक पण सोडलं न्हाई पोरीनं!"

सिंधु हसली नाही. भोकाकडं बघत ती माझ्या कानात म्हणाली, "फेकून द्या म्हणलं होतं की न्हाई?"

रविकिरण सरही हसले नाहीत. "एवढ्यासाठी शिकलीस?" एवढंच लेकीला म्हणाले आणि निघून गेले. देविकाचा चेहरा पडला. मीही फुगलो होतो. सर ऐकतील अशा बेतानं ओरडलो, "उद्याच चुना मारून टाकतो!"

सकाळी चुन्याची बादली घेऊन बाहेर पडणार, तोच बालाजी ऑटोवाला भिंतीकडं येताना दिसला. मी दाराआडच थांबलो. बालाजी घाईत आला, जागा घेतली, वर बघितलं आणि दचकून मागं सरकला.

"काही न्हाई श्रीमंतभाऊ," तो भिंतीला म्हणाला, "पत्ता शोधून राहिलो होतो."

आणि तसाच परत गेला! त्याच्यामागून दुसरा आला, तोही गेला. तिसऱ्यानं तर भिंतीला रामराम घातला. दुपारी सिंधु बाजारातून आली आणि लांबूनच तिचा आवाज ऐकू आला. "उन्हात काय उभे हो? पिशवी धरा की! बघा मेले नुसते बघतात!" मी आत जेवत होतो. मी चुन्याची बादली गपचूप परत ठेवली.

संध्याकाळी लाइट गेली. गिरणी बंद, गल्ली चिडीचूप. मी आत पोत्यावर टेकलो होतो. बाहेर रविकिरण सरांचा आवाज आला. त्यांचा चष्मा दुरुस्तीला टाकलेला होता, हे मला माहीत होतं. (माहीत असतं मला.)

"श्रीमंतराव, काल रागावलो. वाईट वाटून घेऊ नका," सर म्हणत होते.

मी उठणार होतो. पण आवाज दाराकडून येत नव्हता. भिंतीकडून येत होता. सरांच्या समजुतीनं तिथं सकाळीच चुना लागला होता, म्हणजे दारातून डोकावतोय तो मीच.

"पोरगी लहान होती तेव्हा माझ्या पेपरांच्या गठ्ठ्यावर चित्रं काढायची," सर पुढं बोलले. "मी रागवायचो. आणि ते कागद जपूनही ठेवायचो. अजून आहेत कपाटात. तिला येत नाही असं मला कधीच वाटलं नाही हो. मी भितो. मी गेल्यावर तिचं कसं होईल, याचं उत्तर मला काढता येत नाही. उमरीला पाठवतोय, पण घास उतरत नाही." मग म्हणाले, "बरं वाटलं बोलून. आज पहिल्यांदाच तुम्ही मध्ये बोलला नाहीत."

आता एवढं ऐकल्यावर कुठला शेजारी गप्प बसेल?

"मग पाठवू नका ना, सर!" मी खऱ्या दारातून ओरडलो.

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग भिंतीकडं. मग परत माझ्याकडं. हळूच पुढं होऊन त्यांनी भिंतीवरच्या माझ्या नाकाला बोट लावलं.

"ही... भिंत आहे?"

"हाव, सर. तुमच्या लेकीची हाय."

सर कितीतरी वेळ त्या रंगावरून हात फिरवत उभे राहिले. लाइट आली, तेव्हा त्यांचे डोळे ओले दिसले. (मी बघितलं नाही असं दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदाच.) त्याच पावली घरी जाऊन त्यांनी उमरीच्या मामाला फोन केला की, गल्ल्यावर दुसरं कुणी बघा.

पुढं मग भिंतींची रांग लागली. आधी बाजारातल्या दुकानदारांनी बोलावलं, मग एका शाळेनं, मग लहान मुलांच्या दवाखान्यानं. दवाखान्यात मात्र तिनं हत्ती आणि मोर काढले. (मला बघून पोरं रडली असती.) बाकी सगळीकडं गिऱ्हाईक एकच म्हणायचं, "तोच माणूस पाहिजे." काम इतकं वाढलं की राजश्री पुस्तकांचं काम सोबत घेऊन नांदेडला आली. दोघींनी आमच्या गिरणीमागची खोली भाड्यानं घेतली, आणि सर शाळा सुटल्यावर तिथं शिडी धरून उभे राहू लागले.

मग लातूरहून बोलावणं आलं. तिथं क्लासेससाठी आलेल्या पोरांचं एक होस्टेल आहे. पोरं भिंतीवरून उड्या मारून सिनेमाला जायची. पोरं बाहेर जिथं उतरायची, तिथंच देविकानं मला काढलं आणि उड्या थांबल्या. होस्टेलचे मालक संगप्पा इतके खूश झाले की चित्रातल्या माणसाचा सत्कार करायचं त्यांनी ठरवलं.

मी नेहरू शर्ट घालून एकटाच एसटीत बसलो. देविका आदल्या दिवशीच गेली होती. अहमदपूरला चहा घेतला, सत्काराच्या आनंदात उसाचा रसही घेतला. लातूरला उतरून होस्टेल शोधायला लागलो, तर माझी अवस्था काय सांगू! चालवेना. उभंही राहवेना. एका बोळात शिरलो. चिटपाखरू नव्हतं. लांबलचक भिंत होती. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, भिंतीशी गेलो आणि सहज मान वर केली.

वर मी होतो.

फाटकं बनियन. एक भुवई वर. 'कुणाकडं चाललात? घरी सांगून आलात का?'

आईशपथ सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. तोंडातून आपोआप निघालं, "काही न्हाई भाऊ, पत्ता शोधून राहिलो होतो."

"पत्ता हाच आहे, काका," मागून आवाज आला.

वळून बघतो, तर देविका. तिच्या बाजूला हार घेतलेले संगप्पा, आणि त्यांच्यामागं होस्टेलची सगळी पोरं.

सत्कार तिथंच, भिंतीपुढं झाला. भाषणं लांबली. सत्काराच्या फोटोची फ्रेम आता गिरणीत लावली आहे आणि दळणाला येणारा जो तो म्हणतो, "श्रीमंतभाऊ, चित्रातल्यापेक्षा तुम्हीच रागीट दिसून राहिले."

तो राग न्हाई. मी दम धरला होता.