जरा सांभाळून घ्या

शुक्रवारी दुपारी बाळ झोपल्यावर सुनेने शिंपीकाकांना फोन केला आणि सगळा घोळ तिथेच झाला.

बोलणं तसं साधंच होतं. रविवारी सासरे पाच महिन्यांनी पत्ते खेळायला येणार आहेत, त्यांना जरा सांभाळून घ्या, एवढंच ती म्हणाली. त्यांना जिंकू द्या, असं ती म्हणाली नव्हती. हे तिने नंतर स्वतःला बरेचदा सांगितलं.

सासऱ्यांनी सगळी नोकरी दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात घालवली होती. सासूबाई गेल्यापासून ते खोलीचं दार लावून बसत. जेवायला बोलावलं की "ठेव तिथे", बरं वाटतंय का विचारलं की "हो". बाळ रांगत जाऊन दारावर थाप मारायचं, तेव्हा दार उघडायचं, बाळ आत घेतलं जायचं आणि दार पुन्हा लागायचं. सून बाहेर कपड्यांच्या घड्या घालत कान देऊन बसायची. आतून बाळाचाच आवाज यायचा.

लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी पोकरची लहानशी स्पर्धा असे. प्रवेश फी दोन कप चहाची, बक्षीस एक थर्मास. सासरे आणि सासूबाई वीस वर्षं तिथे समोरासमोर बसत आले होते. घरात चार थर्मास होते.

"बाद झालो की घरी," जिना चढताना त्यांनी अट घातली.

सुनेने मनात हिशेब केला. पाच वाजता चहा येतो. तोवर बाबा माणसांत बसले तरी खूप झालं.

सासऱ्यांची खेळण्याची रीत ठरलेली होती. स्वस्तातली स्पर्धा, त्यात सुरुवात. सगळ्यांकडे पैशांऐवजी लावायच्या चकत्या भरपूर आणि मनं उदार. अशा वेळी चांगली पानं लपवून बसायचं नाही. सरळ तिप्पट लावायचं, दोघं-तिघं तेवढंच लावून बघायला येतातच. मात्र एका जोडीच्या जिवावर अख्खा ढीग पुढे ढकलायचा नाही. बघायला येणाऱ्यांत सासूबाई पहिल्या असत. हातात काही नसलं तरी त्या चकत्या टाकायच्या आणि म्हणायच्या, "बघू तरी, एवढं काय धरून बसलात." बहुतेक वेळा हरायच्या. दर वेळी यायच्या.

आज त्यांची खुर्ची रिकामी होती. बाकी सात जण बसले. सून बाळाला खांद्यावर घेऊन मागे उभी राहिली.

दुसऱ्याच डावाला सासऱ्यांना दोन एक्के आले. याहून मोठी जोडी नाही. त्यांनी रीतसर तिप्पट लावलं. शिंपीकाकांनी डाव सोडून पानं टाकली, औषधवाल्यांनी टाकली, गणिताच्या बाईंनी टाकली. टेबलाभोवती फेरी पूर्ण झाली आणि सासऱ्यांच्या वाट्याला फक्त दर डावाआधी लावाव्या लागणाऱ्या दोन सक्तीच्या चकत्या आल्या. होतं असं कधीकधी. चौथ्या डावाला दोन गुलाम आले. तिप्पट. पुन्हा सगळ्यांनी टाकली. औषधवाले तर "तुमचंच हो," असं म्हणाले, तेही दुकानात सुटे पैसे राहू द्या म्हणतात त्या आवाजात.

सुनेला उमगलं. शिंपीकाकांनी निरोप सगळ्यांना पोचवला होता, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाता जाता निरोपाचं वजन वाढलं होतं.

 पुढच्या डावाला सासऱ्यांना दुर्री आणि सत्ती आली, म्हणजे हातात काहीच नाही. त्यांनी तिप्पट लावलं. सगळ्यांनी टाकली. त्यापुढच्या डावाला त्यांनी स्वतःची पानं उचललीच नाहीत, नुसतंच लावलं. गणिताच्या बाईंनी तर आपली दोन पानं हाती पडायच्या आधीच टाकल्याचं सांगितलं.

मग सासऱ्यांनी हात लांब केला आणि औषधवाल्यांनी टाकलेली पानं उलटी केली. दोन राण्या.

 खाली लाँड्रीचं यंत्र घरघरत होतं.

"चाळीस वर्षं कमी माप देणारे पकडले," सासरे म्हणाले. "जास्त देणारे आजच सापडले."

शिंपीकाका पुटपुटले, की वहिनी गेल्यापासून तुम्ही दिसला नाहीत, वाईट वाटतं हो माणसाला. सासऱ्यांनी मान हलवली आणि जिंकलेल्या चकत्या ज्याच्या त्याला परत करायला लागले. हे नियमात बसतं का, असं बाईंनी हळूच विचारलं. त्यांच्यापुढेही दोन चकत्या सरकवण्यात आल्या. हे कोणी सांगितलं, असं मात्र सासऱ्यांनी एकदाही विचारलं नाही. सून बाळाच्या पाठीवर उगाच थोपटत राहिली. बाळ झोपलं नव्हतंच.

"ती खुर्ची रिकामी आहे," सासरे मागे न बघता म्हणाले. "बस तू."

तिने बाळाचं कारण सांगितलं. शिंपीकाकांनी बाळ घेतलं. तिने फीचं कारण काढलं. औषधवाल्यांनी फी भरली. आता पळवाट उरली नाही. सासूबाईंच्या खुर्चीत बसल्यावर तिला कळलं, की इथून बाबांचा चेहरा अगदी समोर येतो.

पानं वाटली गेली. सासऱ्यांनी आपली दोन पाहिली, आणि वीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. अख्खा ढीग पुढे ढकलला.

"या आता कोणीतरी बघायला."

बाकीच्यांनी खरंच पानं टाकली. या वेळी दयेने नाही, भीतीने. सुनेने आपली पानं उचलली. दोन एक्के.

ती बघायला गेली, तर बाबा बहुतेक बाद. बाद झाले की घरी, खोली, दार. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. पानं टाकून दिली, तर कोणाला कळणार नव्हतं. आजपर्यंत त्यांच्यासाठी ती हेच करत आली होती. हळू बोलायचं, हळू चालायचं, ताट दाराशी ठेवायचं.

तिने सगळ्या चकत्या पुढे सारल्या. "बघते, बाबा."

सासऱ्यांकडे राजांची जोडी होती. टेबलावर एकामागून एक पाच पानं उघडली, त्यांतलं एकही कोणाच्या कामाचं निघालं नाही. एक्के जिंकले.

सासरे उठले. खुंटीवरचा कोट काढला. तिने मान खाली घातली. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि तो तिच्या पाठीमागे येऊन थांबला. शिंपीकाकांकडून बाळ घेऊन सासरे तिथे टेकले. कोट त्यांनी बाळाच्या पायांवर टाकला.

"राजांवर कोणी सगळं लावतं का? ती असती तर आठवडाभर बोलली असती," ते म्हणाले. पाच महिन्यांतलं हे सगळ्यांत लांब बोलणं होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. ती खेळाबद्दल बोलत नव्हती.

"शुक्रवारी दार लावलेलं होतं. मी बहिरा नव्हतो."

तिचे कान तापले. पुढची पानं आली. तिने ती कोपऱ्यातून उचलून पाहिली आणि चेहरा दगडासारखा ठेवला.

"चांगली पानं आली की श्वास धरून ठेवतेस," मागून हलकेच आवाज आला. "तीही धरायची. म्हणून मला कळायचं."

टेबलावरच्या सगळ्यांनी ते ऐकलं आणि पानं टाकली.