अमात्य, बसावें

राज्य बुडालं तरी राजरीत बुडत नाही. हा सिद्धान्त कुंभकोणमला भुजंगरावांनी मला ऐकवला, तेव्हा तंजावरचं मराठी राज्य बुडून शंभर वर्षं होत आली होती आणि राजरीत त्यांच्या मांडीवर बसून धोतराचा काठ चघळत होती. ते गल्लीतल्या एका गावठी कुत्रीचं पिल्लू होतं. नाव अमात्य.

"हाक मारतांना आदर राखावा, मास्तर," ते म्हणाले. "अरेतुरे केल्यानें जनावर बिघडतें."

मी पुण्याहून तिथल्या कॉलेजात इतिहास शिकवायला गेलो होतो आणि त्यांच्या शेजारी भाड्यानं राहत होतो. भुजंगराव तालुका कचेरीतले निवृत्त कारकून. त्यांचे खापरपणजोबा तंजावरच्या सरकारी शिकारखान्यात होते. तिथे ते नेमकं काय करत, हे मात्र मला कधी कळलं नाही. माझ्या मराठीला भुजंगराव 'पलटणी बोली' म्हणत. पण मराठी ऐकायला दुसरं कोणी नसल्यामुळे संध्याकाळी मी त्यांच्या दाराबाहेरच्या ओट्यावर चालून जाई.

"दुधाचे दांत आहेत तोंवर शिकवावें," हे त्यांचं पालुपद. "मागाहून भय बसतें. मग कोणी कामाचें नाही."

म्हणून ते अमात्याला काखेत घालून गावभर ओळखी करून देत. भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत हातोड्यांचा ठणठणाट चालू असताना उभे राहून म्हणत, "अमात्य, हे कासार. यांस भिऊं नये." मग पोस्टमन, जटका गाडीचा घोडा, लग्नातला तविल नावाचा ढोल बडवणारा. न्हाव्यानं तमिळमध्ये विचारलं, "राव, याची मुंज कधी?" भुजंगराव गंभीरपणे म्हणाले, "आधी शिस्त, मग मुंज." ते चेष्टा करत नव्हते, हेच त्यांचं दुर्दैव.

घरी आज्ञा मोजक्याच. यावें, बसावें, उठावें. 'बसावें' म्हटल्यावर 'उठावें' ऐकेपर्यंत हलायचं नाही. हलला की पुन्हा पहिल्यापासून. नाही हलला तर दहीभाताचा घास. पावसाळ्यापर्यंत नाकासमोरून मांजर गेलं तरी अमात्य जागचा हलेना. दरबारात इतकं स्थिर कोणी बसलं असतं, तर राज्य कदाचित राहिलं असतं.

त्यांचा मुलगा व्यंकट एका बस कंपनीत नोकरीला होता. बाप मराठीत विचारी, मुलगा तमिळमध्ये उत्तर देई. एकदा भुजंगराव त्याला म्हणाले, "अमात्यास एक हाक तूं मारून पाहा रे."

"अप्पा, कुत्र्याला दरबार कशाला?" व्यंकट तमिळमध्येच म्हणाला. "या गल्लीत कोणाला कळतं तुमचं?" आणि चपला घालून निघून गेला.

भुजंगराव बराच वेळ अमात्याचे कान चोळत राहिले. "व्यंकटाच्या वेळेस मी फिरतीवर होतों," ते म्हणाले. "परत आलों, तों याचे दुधाचे दांत पडले होते."



पुढे एका दुपारी ओट्यावर 'अमात्य, बसावें' म्हणून ते दहीभात आणायला आत गेले आणि तिथेच कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. संध्याकाळी मी कॉलेजातून आलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते, दारात माणसं जमली होती आणि त्यांच्या पायांत अमात्य बसून होता. पोस्टमननं शीळ घातली, न्हाव्यानं चकलीसारखा मुरुक्कू दाखवला. त्यानं शेपूट हलवलं. बाकीचा अमात्य हलला नाही.

"एंदिरिडा!" ऊठ रे, म्हणून व्यंकट तमिळमध्ये ओरडला. मग त्यानं पिल्लाला धरून उभं केलं. ते पुन्हा बसलं.

शब्द मला ठाऊक होता. मी बोललो नाही.

आत खाटेवर भुजंगरावांचे डोळे दाराकडे लागले होते. अर्धे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. व्यंकटनं एकदा आत पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मान खाली घातली, घसा खाकरला.

"अमात्य," तो म्हणाला, "उठावें."

उच्चार थेट बापाचा होता. आत खाट करकरली.

अमात्य उठला, रस्ता ओलांडून दिव्याच्या खांबाशी गेला आणि बराच वेळ तीन पायांवर उभा राहिला. दुपारपासून त्याला कोणी सोडलं नव्हतं.