डोमाजींची विसरलेली छत्री

डोमाजी शेळी विसरून गेले, तेव्हा मला त्यांची खरी काळजी वाटायला लागली.

छत्री विसरणं मी समजू शकतो. पिशवी, लोटा, घोंगडं, हेही एक वेळ चालेल. पण शेळी ओरडते. दोरी ताणते. अंगणातला तुळशीचा शेंडा खाते. ती दुसऱ्याच्या दारात बांधून, पाणी पिऊन, चार गोष्टी करून माणूस रिकाम्या हातानं घरी जातो आणि आठवडाभर त्याला काही वाटत नाही, म्हणजे काय?

विचारलं, तर डोमाजी कपाळावर हात मारून घेत आणि म्हणत, "इसरलो बा!"

हे त्यांचं पालुपद होतं. केशोरीपासून दोन-अडीच कोसांवरचं आमचं गाव. मोठं तळं, तळ्याच्या पाळीखाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि त्यात अधूनमधून ठेवल्यासारखी घरं. सकाळी तळ्यावर धुकं असे तेव्हा गाव पाण्यात आहे की पाणी गावात, हे कळत नसे. स्वातंत्र्य नुकतं आलेलं. मी नवा मास्तर. त्या धुक्यात मला पाण्याऐवजी राष्ट्र दिसायचं.

डोमाजींच्या पूर्वजांनी ते तळं बांधलं होतं. आता पाणी सोडायचं काम डोमाजींकडे होतं. कुणाच्या बांधीत पाणी कधी सोडायचं, किती वेळ ठेवायचं, बांध्यांमधला कोणता धुरा फुटका आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कागद नाही, खूण नाही. एकदाही पाळी चुकली नाही. गावातली प्रत्येक बांधी ओळखणारा हा माणूस शेळी कशी विसरतो, असा प्रश्न कुणाही शहाण्या माणसाला पडला असता. मला पडला नाही.

त्यातून त्यांच्या विसरण्यात एक गंमत होती. पोती, पिशव्या, शेळी न्यायला ते कधीच परत येत नसत. छत्री न्यायला मात्र न चुकता येत. आमच्या घरी दर बाजाराच्या दिवशी ती काळी, दोन काड्या मोडलेली छत्री खुंटीला राहायची. संध्याकाळी डोमाजी हजर. "इसरलो बा!" मग बसायचे. चहा व्हायचा. आमच्या धाकटीला मांडीवर घेऊन तळ्यातल्या मगरीची गोष्ट सांगायचे. तळ्यात मगर नव्हती, हे धाकटीलाही माहीत होतं. दिवेलागणीला निघायचे, ते पुष्कळदा पुन्हा छत्री विसरूनच.

त्या सुमारास मी शाळेच्या एका खोलीत 'मोफत जनसेवा केंद्र' उघडलं. पाटी मीच रंगवली. पत्रं लिहून देणे, जखमेला आयोडीन लावणे आणि गरजू कुटुंबांना आर्थिक साहाय्य. साहाय्यासाठी एक डबा ठेवला होता. डब्यात काही नव्हतं, पण अर्जाचा नमुना मात्र मी फार सुबक तयार केला होता. शिवाय खाली लिहिलं होतं : 'साहाय्य मिळालेल्या कुटुंबांची नावे फळ्यावर लावण्यात येतील.' इतरांना स्फूर्ती मिळावी, हा हेतू.

एकही अर्ज आला नाही. तेव्हा आमच्या गावात गरजू कुटुंब एकही नाही, असा अहवाल मी आनंदानं वर पाठवून दिला.

पण केंद्राला काम तर हवं. म्हणून मी आणखी एक सेवा जोडली. हरवलेल्या वस्तू मालकाला घरपोच, विनामूल्य. आणि गावात वस्तू हरवणारा माणूस तर एकच होता.

आधी मी त्यांच्या छत्रीवर पांढऱ्या रंगानं ठळक 'डोमाजी' असं लिहिलं. शाळेत सांगून ठेवलं की ही छत्री दिसेल तिथून ताबडतोब त्यांच्या घरी पोचवायची. पोरांनी ते इतकं मनावर घेतलं, की डोमाजी घरी पोचायच्या आत छत्री तिथं पोचायला लागली. त्यानंतर त्यांचं आमच्याकडे येणं थांबलं. माणूस सुधारला, असं मी समजलो.

मग एका सकाळी एक बैलगाडी मागून घेतली आणि घरोघर फिरलो. "डोमाजींचं काही राहिलंय का तुमच्याकडे?" लोक एकमेकांकडे बघत. मग कुणी आत जाऊन तांदळाची पिशवी आणून देई, कुणी घोंगडं, कुणी नांगराचा फाळ. एका घरून गुळाची अर्धीच ढेप आली. "अर्धी कुठं गेली?" मी विचारलं. बाई म्हणाली, "मुंग्या लागल्या जी." मी मुंग्यांची नोंदही केली. गावाच्या टोकाच्या घरून शेळी घेतली. आतून तान्ह्या मुलाचं रडणं येत होतं. मी म्हटलं, पोरगं फार रडकं दिसतंय.

शेवटचं घर सगुणाबाईचं. नवरा वर्षभर अंथरुणाला खिळून मागच्या थंडीत गेला होता. बाई दारात बिड्या वळत बसलेली असे. तळ्याखाली तिच्या दोन बांध्या होत्या. नवऱ्याच्या आजारपणात घरातलं बियाणंही शिजवून खावं लागलं होतं, हे मला नंतर कळलं. एवढं होऊन तिनं कुणाचा दाणा घेतला नव्हता. सरपंचांनी एकदा चार माणसांसमोर पायली दिली, ती तिनं चार माणसांसमोरच परत केली.

"डोमाजींचं काही?" मी उत्साहानं विचारलं.

तिनं हातातली बिडी पूर्ण वळली, दोरा बांधला आणि कोपऱ्यातल्या अर्ध्या पोत्याकडे बोट दाखवलं. "परवा बसले होते मामाजी. पानी पेले आन् गेले. मी मनलं, येतीन न्याले."

"बियाण्याचं धान दिसतंय," मी तोंडात दाणा टाकून म्हणालो. "म्हातारा काय काय विसरतो!"

"घेऊन जा गुर्जी. दुसऱ्याचा माल मी घरात कायले ठेवू?"

आवाज सरळ होता. फक्त पोतं उचलताना तिची नजर पोत्यावरून हलत नव्हती. मला वाटलं, वजनाचा अंदाज घेतेय.

डोमाजींच्या अंगणात मी गाडी वाजतगाजत नेली. मागे अर्धं गाव. घरासमोर उभं राहून मी यादी मोठ्यानं वाचली, नावासकट. कुणाकडून काय. डोमाजी ओसरीवर बसून ऐकत होते. यादी संपली. टाळ्या वाजल्या नाहीत. लोक हळूहळू पांगले. शेळी तेवढी ओरडत राहिली.

"गुर्जी," डोमाजी म्हणाले, "तुमची याददास्त लय जबर हाये जी."

मी विनयानं मान खाली घातली.

"ते शेळी कोनाच्या घरून आनली?"

मी सांगितलं.

"त्या घरची सून आटली हाये. लेकराचं दूध आनलं तुम्ही."

मी एकेक वस्तूकडे बघायला लागलो. अर्धी ढेप. फाळ. घोंगडं. ज्या घरून ते आणलं होतं, तिथला म्हातारा मला आठवला. त्याच्या अंगावर पोतं होतं. माझ्या सुबक अर्जाच्या सगळ्या रकान्यांची उत्तरं त्या गाडीत भरून मी स्वतः ओढून आणली होती.

"पण मग तुम्ही सरळ देत का नाही?"

"सरळ देल्लं त लोकाले वाकावं लागते," ते म्हणाले. "इसरलं त कोनी वाकत नाई. एक बाजार उलटला, कोनी न्याले आला नाई, का चीज घरची झाली. आमच्या गावात असंच हाये. तुमच्या पुस्तकात नसन."

शेळी माझ्यापेक्षा हुशार निघाली. दोरी तोडून संध्याकाळच्या आत परत त्या घरी गेली. बाकीच्या वस्तू डोमाजींनी आठवडाभरात एकेक करून पुन्हा विसरल्या, आणि घरोघरच्यांनी हसून पुन्हा ठेवून घेतल्या. अडलं सगुणाबाईपाशी. तिच्या पोत्यावर एक बाजारही उलटला नव्हता, आणि मी तिचं नाव चव्हाट्यावर वाचलं होतं. आता ती घेणार नव्हती. पऱ्हे टाकायचे, म्हणजे रोपांसाठी बी पेरायचे दिवस आले होते. तिच्या बांधीची नांगरणी शेजाऱ्यांनी कामाच्या बदल्यात करून दिली होती. ओल धरून जमीन तयार होती, आणि टाकायला दाणा नव्हता. चार-पाच दिवसांत पऱ्हे पडले नाहीत, तर वर्ष रिकामं.

"तुम्ही याद ठेवली," डोमाजी म्हणाले, "आता तुम्हीच इसरा."

मी पोतं सायकलवर घातलं. सगुणाबाईकडे गेलो. पाणी मागितलं. हवापाण्याचं बोललो. मग एकदम "अरे, शाळा!" असं ओरडून निघालो. फार सहज जमलं, असं वाटलं. तासाभरानं, मी पाढे घेत असताना, बाई डोक्यावर पोतं घेऊन वर्गाच्या दारात उभी. "गुर्जी, पोतं इसरले तुम्ही." सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "गुर्जी इसरले!"

"काऊन गेले तुम्ही सकाळच्या शाळेच्या टायमाले?" डोमाजी वैतागले. "इसराले बी अक्कल लागते. आता एकच रस्ता हाये. उद्या पहाटे या."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गेलो. तळ्यावर धुकं इतकं दाट होतं की पुढे चालणारे डोमाजी मधूनमधून नाहीसे होत. फक्त त्यांच्या पायांचा चिखलातला आवाज येई. एका बांधीशी ते थांबले. पोतं धुऱ्यावर उतरवलं, धोतर खोचलं आणि मूठ भरून बी टाकायला लागले. हात डावीकडून उजवीकडे जाई, आणि दाणे ओल्या मातीवर पडताना इतका हलका आवाज होई, की तो खरा होता की मी ऐकायला तयार होतो म्हणून ऐकू आला, कुणास ठाऊक. एक बगळा थोडा सरकून पुन्हा उभा राहिला. मीही मूठ भरली. माझे दाणे बरेचसे बगळ्याकडे गेले. त्या वेळी मला ना राष्ट्र दिसत होतं, ना केंद्र. फक्त एक म्हातारा पांढऱ्या हवेत हात फिरवत होता आणि पोतं हलकं होत होतं.

धुकं विरळ झालं तेव्हा धुऱ्यावर सगुणाबाई उभी होती.

"मामाजी, हे माह्यी बांधी होय."

डोमाजींनी चारी बाजूंना बघितलं. तळ्याकडे बघितलं, मोहाच्या झाडाकडे बघितलं. आणि कपाळावर चिखलाचा हात मारला. "इसरलोच बा! माह्यी समजून पेरून राहिलो ना!"

गावातली प्रत्येक बांधी झोपेत ओळखणारा माणूस. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आन् गुर्जी बी इसरले?"

"मी तर गावात नवीन," मी म्हणालो. चार वर्षं झाली होती.

ती बांधीत वाकून दाणे बघायला लागली. मी रिकाम्या पोत्याकडे बघत होतो. ती नाही म्हणाली असती तर आता कुणाच्याच हातात काही उरलं नव्हतं. बांधीवर दाणे पिवळे दिसायला लागले होते, आणि पहिल्या दोन चिमण्या उतरल्या होत्या.

"पेरलं ते आता वेचून नेता का?" ती शेवटी म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. पन चुकी केली, त पाखरं राखाले तुम्हीच या. रोज. दोपारी पेज मी आनतो."

"रोज?" डोमाजींनी विचारलं. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"रोज. धान निघतवरी."

पऱ्हे उगवेपर्यंत डोमाजी त्या धुऱ्यावर बसले. पुढे राखायला काही नसतानाही बसले. पेजेचा गडू, सगुणाबाईची पोरं, आणि तळ्यातली मगर. एकदा तिकडून जाताना मी ती गोष्ट ऐकली आणि तिथेच थांबलो. आमची धाकटी कितीतरी दिवस मगरीविना झोपत होती. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्यांच्या घरात आत गेलो. एक खाट. एक ताट. प्रत्येक वस्तू जिथल्या तिथं, विसरण्याची खूणसुद्धा नाही. बायको मी गावात यायच्या आधीच गेलेली, लेक दूर कुठे शहरात कामाला, पत्र नाही. दाराशी माझ्या अक्षरातली 'डोमाजी' लिहिलेली छत्री टांगलेली. न विसरलेली.

पोती ते लोकांसाठी विसरत. छत्री स्वतःसाठी. एवढं समजायला मला चार वर्षं आणि एक बैलगाडी लागली.

धान निघालं. त्यानंतर दोन वर्षांनी माझी बदली तिरोड्याला झाली. निरोप घ्यायला गेलो, तर त्यांच्या ओसरीच्या खुंट्या भरलेल्या. सगुणाबाईचा विळा, कुणाची पाटी, कुणाची दुधाची बरणी, एक लहान अंगडं.

"हे काय?"

"लोक लय भुलक्कड झाले, गुर्जी," डोमाजी तक्रारीच्या सुरात म्हणाले. "सगुणानं पयले विळा इसरला, धान कापलं तवा. मंग सारेच इसरून राहिले. येतेत, बसतेत, इसरून जातेत. मंग न्याले येतेत, आन् अजून कायी इसरतेत." आणि त्यांनी तो विळा धोतराच्या सोग्यानं पुसून पुन्हा खुंटीवर ठेवला.

चहा झाला. निघायची वेळ झाली. मी माझी छत्री विळ्याशेजारी टांगली आणि "अरे, गाडी चुकेल!" म्हणून घाईनं अंगणात उतरलो. अभिनय पूर्वीइतकाच वाईट होता. फाटकाशी पोचून मी वळून पाहिलं.

डोमाजी ओसरीवर उभे होते. एकदा छत्रीकडे बघत होते, एकदा माझ्याकडे.

त्यांनी हाक मारली नाही.